शशी गोडबोलेचे चार आठवडे

परदेशातल्या मराठी घरांत काही चित्रपटांना घरच्या माणसाचा मान मिळालेला आहे. पाहुणे आले, बाहेर बर्फ पडत असला, मुलांसकट सगळ्यांनी मिळून काहीतरी पाहू या असं ठरलं, की हमखास ज्यांची नावं निघतात त्यांत गौरी शिंदे यांचा ‘इंग्लिश विंग्लिश’ असतोच. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये तो प्रदर्शित झाला. श्रीदेवी पंधरा वर्षांनंतर पडद्यावर परतली होती. दिग्दर्शिकेचा हा पहिलाच चित्रपट. त्या पुण्यात वाढलेल्या, आणि घरी लोणच्यांचा व्यवसाय करणाऱ्या पण इंग्रजीला बिचकणाऱ्या आपल्या आईवरून ही गोष्ट सुचल्याचं त्यांनीच सांगितलेलं. एवढं भांडवल असल्यावर आपल्या मंडळींनी तो उचलून धरला नसता तरच नवल.

या चित्रपटावर आजवर जे बोललं आणि लिहिलं गेलं ते बहुतेक एका गृहिणीच्या स्वाभिमानाबद्दल. ते रास्तच आहे. परंतु मला तो आज वेगळ्या बाजूनं पाहावासा वाटतो. वयात आलेलं माणूस परकी भाषा नेमकं कसं शिकतं, याबद्दल हा चित्रपट काय सांगतो आणि ते कितपत खरं आहे? आपल्यापैकी बहुतेकांनी पुस्तकी इंग्रजी घेऊन इथं पाऊल टाकलं आणि कामावर, दुकानात, शेजारात, टीव्हीसमोर ती भाषा नव्यानं शिकलो. शिवाय आज प्रत्येक घरात उलटी शिकवणी चालू आहे ती वेगळीच: मुलांच्या गळी मराठी उतरवण्याची. तेव्हा हा विषय आपल्याला दुरून पाहण्याचा नाही.

कथा सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. शशी गोडबोले उत्तम लाडू करते, ते विकून चार पैसे मिळवते, पण नवरा सतीश आणि मुलगी सपना यांच्या लेखी तिला इंग्रजी येत नाही ही एकच गोष्ट मोठी. न्यूयॉर्कला राहणाऱ्या बहिणीच्या, मनूच्या, मुलीचं लग्न निघतं आणि शशी तयारीसाठी सगळ्यांच्या आधी एकटीच तिथे जाते. एका कॅफेत तिची फजिती होते. मग चार आठवड्यांत इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या एका वर्गाची जाहिरात तिच्या नजरेला पडते, आणि लाडवांच्या कमाईतून फी भरून ती घरच्यांना न सांगता त्या वर्गात जाऊ लागते. शेवटी लग्नाच्या समारंभात ती सगळ्यांसमोर उभी राहून इंग्रजीत भाषण करते.

पहिला आक्षेप कोणीही घेईल तोच. चार आठवड्यांत भाषा येते का? ज्यांनी इथल्या कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचे वर्ग केले आहेत, किंवा ज्यांच्या सासूबाई सहा महिने राहून फक्त ‘थँक्यू’वर परत गेल्या आहेत, ते हसतीलच. शून्यापासून सुरुवात असेल तर चार आठवड्यांत ओळख करून देणं, भाव विचारणं, रस्ता विचारणं एवढ्यावर गाडी थांबते. लग्नात भाषण ही फार लांबची गोष्ट.

पण चित्रपट पुन्हा लक्ष देऊन पाहिला तर शशीची सुरुवात शून्यापासून नाही हे दिसतं. तिच्या घरात इंग्रजी सकाळ-संध्याकाळ वाहतं आहे. मुलगी इंग्रजी शाळेत, नवरा ऑफिसात इंग्रजीत, जेवणाच्या टेबलावर अर्धी वाक्यं इंग्रजीत. तिची चेष्टा इंग्रजीतून होते तेव्हा तिचा चेहरा पडतो, म्हणजे ती तिला कळलेली असते. वर्षानुवर्षं भाषा तिच्या कानात साठत आलेली आहे. अडलंय ते कान आणि तोंड यांच्या मधे. म्हणूनच चार आठवडे हा मला भाषा शिकण्याचा काळ वाटत नाही. साठलेल्या भाषेचा बांध फुटायला लागलेला काळ वाटतो, आणि तेवढ्यासाठी चार आठवडे फारसे अविश्वसनीय नाहीत. चित्रपटाच्या जाहिरातीत जे सांगितलं गेलं त्यापेक्षा चित्रपटाला जास्त कळलेलं आहे, ते हेच.

भाषेच्या अभ्यासकांमध्ये यावर मोठा वाद झालेला आहे. स्टीफन क्रॅशन या अमेरिकन भाषातज्ज्ञानं १९८० च्या सुमारास असं मांडलं की भाषा व्याकरण घोकून येत नाही. आपल्याला समजेल पण आपल्या पातळीच्या किंचित वरची असेल अशी भाषा भरपूर कानावर पडली की ती आपोआप रुजते. त्यानं आणखी एक मुद्दा मांडला: मनात भीती किंवा लाज असेल तर ऐकलेलं आत झिरपत नाही, मधे एक गाळणी बसते. या म्हणण्याला कॅनडातून उत्तर आलं. १९६५ मध्ये माँट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्ट गावात इंग्रजीभाषक पालकांनी खटपट करून आपल्या मुलांसाठी बालवर्गापासून सगळं शिक्षण फ्रेंचमधून सुरू करवलं होतं. पुढे अशा शाळा कॅनडाभर पसरल्या. मेरिल स्वेन या संशोधिकेनं १९८५ मध्ये दाखवून दिलं की वर्षानुवर्षं फ्रेंचमध्ये बुडालेली ही मुलं ऐकण्यात आणि वाचण्यात फ्रेंच मुलांच्या जवळपास पोहोचतात. बोलण्यात-लिहिण्यात मात्र चुका तशाच राहतात. कारण वर्गात त्यांना ऐकायला खूप मिळतं, सलग बोलायला फार थोडं. नुसतं ऐकून अंदाजानं अर्थ लावता येतो. बोलायला लागलं की कुठला शब्द आधी, कुठलं क्रियापद, हे ठरवावंच लागतं, आणि आपल्याला काय येत नाही ते तेव्हाच कळतं.

शशीची अवस्था या कॅनडातल्या मुलांपेक्षा वाईट आहे. त्यांना बोलायची संधी कमी होती. तिनं तोंड उघडलं की घरात हशा पिकतो.

त्या हशाचं उदाहरण चित्रपटात सुरुवातीलाच येतं. ‘जॅझ’ या शब्दाचा उच्चार शशी ‘झाझ’सारखा करते आणि बापलेक हसतात. प्रेक्षकही हसतो. पण क्षणभर थांबून बघा. मराठीत इंग्रजी ‘झेड’साठी आपण कोणतं अक्षर वापरतो? झ. पिझ्झा, झू, झेब्रा. आपल्या ‘झाड’मधल्या झ मध्ये त्या आवाजाची छटा आहेच. तेव्हा शशीनं केलेला उच्चार हा अडाणीपणा नव्हे. मराठी कानानं परका आवाज आपल्या अक्षरांत बसवण्याचा तो सरळ नियम आहे. जगातली प्रत्येक भाषा हेच करते. इथं जन्मलेली आपली मुलं ‘बाळ’चं ‘बाल’ आणि ‘शाळा’चं ‘शाला’ करतात तेही याच नियमानं, कारण त्यांच्या इंग्रजी कानात ळ ला घर नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कॅफेच्या प्रसंगाला मी या चित्रपटातला सर्वात अचूक प्रसंग म्हणेन. वरवर पाहता तिथं काहीच कठीण नाही. खायला-प्यायला मागायचं एवढंच. पण काउंटरमागची बाई एका प्रश्नावर थांबत नाही. एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा प्रश्न निघतो, आणि प्रत्येकात अशा पर्यायांची यादी की जे पर्याय असतात हेच शशीला माहीत नाही. मागे रांग, समोर चढलेला आवाज. इथं शब्दसंग्रह कमी पडत नाही, रिवाज ठाऊक नसतो. आपल्याकडे पाणी म्हणजे पाणी आणि कॉफी म्हणजे कॉफी. कोणतं पाणी, कोणती कॉफी, हा प्रश्नच उद्भवत नाही. पहिल्यांदा सँडविचच्या दुकानात उभं राहून पाव कोणता, चीज कोणतं, वर काय घालू, असा भडिमार ज्यांनी सोसला आहे त्यांना या प्रसंगात इंजिनिअरिंगच्या पदवीचा काही उपयोग नसतो हे पटेल. रोजच्या व्यवहारात बुडून भाषा शिकण्याचा हा कडू भाग आहे: शिकवणाऱ्याला तुम्हाला शिकवायचं नसतं, त्याला पुढचं गिऱ्हाईक घ्यायचं असतं. सभोवार भाषाच भाषा असली म्हणजे माणूस शिकतोच, ही समजूत म्हणूनच अर्धीच खरी. पंचवीस-तीस वर्षं परक्या देशात राहून तिथल्या भाषेत पाच वाक्यं न बोलणारी माणसं आपण पाहतोच.

वर्गाच्या प्रसंगांबद्दल मात्र माझं मत थोडं दुटप्पी आहे. ‘माइंड युवर लँग्वेज’ ही १९७७ ते १९७९ मध्ये आयटीव्हीवर गाजलेली ब्रिटिश मालिका आपल्या पिढीतल्या अनेकांनी पाहिली आहे. लंडनच्या संध्याकाळच्या शाळेत इंग्रजी शिकायला आलेले इटालियन, ग्रीक, जपानी, पाकिस्तानी, शीख विद्यार्थी आणि त्यांचे बिचारे ब्राउन मास्तर. पुढे १९९३ मध्ये पंकज कपूर यांना घेऊन तिचीच हिंदी आवृत्ती ‘जबान संभालके’ दूरदर्शनवर आली आणि तिथे हिंदी शिकणारे हास्यास्पद ठरले. या मालिकांची गंमत कशावर उभी होती? विद्यार्थी कधीच शिकणार नाहीत यावर. ते शिकले असते तर दुसऱ्या आठवड्यात मालिका संपली असती. मूळ मालिका परदेशी माणसांची टवाळी करते म्हणून तेव्हाही टीका झाली होती आणि अखेर त्याच कारणानं वाहिनीच्या अधिकाऱ्यानं ती बंद केली.

‘इंग्लिश विंग्लिश’चा वर्ग त्या मालिकेच्या बाकांवरच बसलेला आहे. पाकिस्तानी टॅक्सीवाला, दाक्षिणात्य सॉफ्टवेअरवाला, मेक्सिकन आया, चिनी तरुणी, फ्रेंच आचारी: प्रत्येकाला एक देश आणि एक लकब वाटून दिलेली. दिग्दर्शिकेनं घरातल्या माणसांना जेवढं बारकाईनं घडवलं तेवढं यांना घडवलं नाही, हे उणं स्पष्ट दिसतं. पण एका बाबतीत ती त्या मालिकेच्या पुष्कळ पुढे आहे. तिच्या वर्गात सगळेच चुकतात, म्हणून कोणी कोणाला हसण्याच्या लायकीचा उरत नाही. हसू असतं, पण ते बरोबरीचं. क्रॅशनची ती भीतीची गाळणी इथे पहिल्यांदा निघते. कॅफेतल्या इंग्रजीत आणि वर्गातल्या इंग्रजीत शब्दांचा फरक फारसा नाही. फरक ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यात आहे.

आणखी एक साम्य-भेद नोंदवण्यासारखा आहे. पु. ल. देशपांडे यांची ‘ती फुलराणी’ (१९७५) आपल्याला प्रिय. भक्ती बर्वेंची मंजुळा विसरणं अशक्य. शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून आलेल्या त्या नाटकात भाषा शिकवण्याचा घाट घालतात ते प्राध्यापक, पैजेखातर. मुलीची जिद्द मागाहून येते. शशीला कोणी शिकवायला निघालेलं नाही. फी तिची, वेळ तिची, गुपितही तिचंच. भाषा ही दुसऱ्यानं आपल्यावर केलेला प्रयोग असते तेव्हा आणि आपण होऊन घेतलेली वस्तू असते तेव्हा, शिकणाऱ्याच्या पाठीच्या कण्यात फरक पडतो. श्रीदेवीनं तो फरक नुसत्या चालण्यातून दाखवला आहे.

शशी चांगली विद्यार्थिनी आहे हे दिग्दर्शिकेनं एका छोट्या प्रश्नातून सिद्ध केलं. वर्गात ती विचारते की अमेरिकेच्या नावाआधी ‘द’ लागतो, मग इंडियाच्या आधी का नाही? सगळे गप्प होतात. ज्या भाषेत ‘द’ हा प्रकारच नाही त्या भाषेतून आलेल्या माणसालाच हा प्रश्न सुचतो. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याला तो ‘द’ दिसतच नाही. उत्तर तसं आहे: ‘युनायटेड स्टेट्स’मध्ये ‘स्टेट्स’ हे सामान्यनाम दडलेलं आहे म्हणून; नेदरलँड्स, फिलिपीन्स ही अनेकवचनी नावंही ‘द’ घेतात. पण उत्तरापेक्षा प्रश्न मोठा. नुसतं कानावर पडणं आणि कानावर पडलेलं खटकणं यांत हे अंतर आहे. ज्याला खटकतं तो शिकतो. आपल्या मुलीनं ‘टेबल ते आणि खुर्ची ती, असं का?’ म्हणून विचारलं तर ‘असंच असतं’ म्हणून तिला गप्प करण्यापूर्वी शशीचा हा प्रश्न आठवावा. तिनं मराठीकडे निरखून पाहिलं आहे, याची ती पावती असते.

आता माध्यमांकडे येऊ. शशी रात्री जागून इंग्रजी सिनेमे पाहते, शब्द टिपते, गृहपाठ करते. हा भाग चित्रपटात गाण्याच्या वेगानं निघून जातो, आणि मला ती खरोखर उणीव वाटते. कारण आज आपल्या घरांत हाच प्रश्न सर्वात जास्त विचारला जातो: पडद्यावरून भाषा येते का? मुलांना मराठी गाणी, मराठी कार्टून, मराठी नाटकं लावून दिली तर भागतं का?

याचं एक ठोस उत्तर उपलब्ध आहे. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी मँडरिन बोलणारी माणसं बारा बैठकांत खेळली, त्यांना पुस्तकं वाचून दाखवली. ती बाळं मँडरिनमधले वेगळे आवाज ओळखू लागली. दुसऱ्या गटाला तीच माणसं, तेच बोलणं, पण पडद्यावर दाखवलं. आणखी एका गटाला नुसतं ऐकवलं. या दोन्ही गटांच्या पदरात काहीच पडलं नाही. हा प्रयोग बाळांचा आणि आवाज ओळखण्यापुरता आहे. मोठ्या माणसाला पडद्यावरून काहीच मिळत नाही असा त्याचा अर्थ नाही. शशीच्या हाती पडद्यावरून बरंच लागतं, कारण तिला शब्द आधी माहीत आहेत आणि दुसऱ्या दिवशी ते वापरायला वर्ग आहे. पण तान्ह्या मुलासमोर मराठी गाणी लावून आपण शेजारच्या खोलीत इंग्रजीत फोनवर बोलत बसलो, तर त्या गाण्यांकडून फार अपेक्षा ठेवू नये, एवढं मात्र या प्रयोगावरून नक्की म्हणता येतं.

दुसरी गोष्ट तळओळींची, म्हणजे सबटायटल्सची. ब्रिज कोठारी अमेरिकेत शिकत असताना स्पॅनिश शिकत होते. १९९६ मध्ये मित्रांबरोबर एक स्पॅनिश चित्रपट पाहताना त्यांना वाटलं की खाली इंग्रजीऐवजी स्पॅनिशच शब्द उमटले तर किती बरं होईल. त्यातून पुढे हिंदी गाण्यांखाली हिंदीच ओळी दाखवायची कल्पना निघाली, आणि दूरदर्शनच्या गाण्यांच्या कार्यक्रमांतून लाखो लोकांच्या वाचनाच्या सरावासाठी ती वापरली गेली. तत्त्व साधं आहे. खाली इंग्रजी ओळी असल्या की डोळा वाचतो आणि कान झोपतो. ऐकू येतं तेच खाली दिसलं की दोघं एकमेकांना धरून चालतात. मराठी चित्रपट मुलांना इंग्रजी तळओळींसह दाखवल्यानं कथा पोहोचते, आणि ते मोलाचं आहे. पण भाषा त्यातून कमीच पोहोचते. गाण्याचा देवनागरी कागद हाती देऊन तेच गाणं चार वेळा ऐकवणं अधिक कामाचं.

चित्रपटातली सर्वात सुंदर शिकवणी मात्र पडद्याची नाही आणि वर्गाचीही नाही. फ्रेंच आचारी लॉराँ आणि शशी बोलतात, तो आपल्या फ्रेंचमध्ये, ती आपल्या हिंदीत, आणि दोघांना कळतं. भाषाशिक्षणाच्या दृष्टीनं इथे कोणीच काही शिकत नाही. पण समोरचा ऐकून घेतो आहे ही खात्री शशीला मिळते, आणि तिच्या इंग्रजीला हिंमत येते ती याच खात्रीतून. भाची राधाला गुपित कळतं तेव्हा तीही काकू-मावशीच्या थाटात उपदेश न करता मैत्रिणीसारखी पाठीशी उभी राहते. ज्या माणसासमोर चुकता येतं असं एक तरी माणूस लागतं. शशीला अशी दोन मिळाली, आणि दोन्ही घराबाहेर.

आता चित्रपटाचा सर्वात मोठा आंधळेपणा. गोडबोल्यांचं घर. सासूच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. लग्नाच्या गाण्यात मराठी बोल. आणि घरात सगळे बोलतात हिंदी! हिंदी चित्रपट आहे, चालायचंच, असं आपण म्हणतो आणि सोडून देतो. पण ज्या चित्रपटाचा विषयच भाषा आहे त्यात हे सोडून देण्यासारखं नाही. कारण हिंदी ही शशी गोडबोलेची दुसरी भाषा आहे. ती तिला कोणी शिकवली? तिच्यासारख्या असंख्य मराठी बायकांनी हिंदी उचलली ती अमीन सायानींच्या आवाजातून, विविध भारतीवरून, मॅटिनीच्या सिनेमांतून, भाजीवाल्याशी घासाघीस करताना. म्हणजे रोजच्या व्यवहारातून आणि माध्यमांतून परकी भाषा शिकण्याचा पराक्रम या बाईनं एकदा करून दाखवलेला आहे. त्याचं प्रशस्तिपत्रक तिला कोणी दिलं नाही, कारण त्या भाषेत चुकलं तर कोणी हसत नव्हतं आणि आलं म्हणून कोणी मान देत नव्हतं. चित्रपटाला ही मराठी बाई खरोखर मराठी बोलताना ऐकू आली असती, तर चार आठवड्यांचं कोडंही त्यानंच सोडवलं असतं: तिला भाषा शिकता येते हे आधीच ठरलेलं होतं.

आणि इथं श्रीदेवीबद्दल बोलायलाच हवं. तमिळनाडूत जन्मलेल्या या अभिनेत्रीची हिंदीतली सुरुवातीची वर्षं उसन्या आवाजात गेली. ‘आखरी रास्ता’ (१९८६) मध्ये तिच्या तोंडी रेखाचा आवाज आहे. स्वतःच्या आवाजात ती हिंदी बोलली ती ‘चांदनी’मध्ये, १९८९ साली. हिंदी तिनं सेटवर, कामातून, लोकांच्या देखत शिकली. तेव्हा जिची भाषा तमिळ, जी शिकलेल्या हिंदीत बोलते, ती एका मराठी बाईची भूमिका करते आहे आणि ती बाई इंग्रजी शिकते आहे. त्या अडखळण्यात जो खरेपणा आहे तो अभिनयाच्या तालमीतून थोडा आणि आयुष्यातून जास्त आला असणार. २०१८ च्या फेब्रुवारीत ती दुबईत गेली. नंतर हा चित्रपट पाहताना तो आवाज अधिकच जपून ऐकावासा वाटतो.

कोणाच्या चुकीला हसायचं आणि कोणाच्या नाही, याचा हिशोब चित्रपटानं नेमका मांडला आहे. मुलीच्या शाळेत शशी तिथल्या फादरना हिंदीत बोलायची विनंती करते. ते केरळचे, हिंदी तोडकीमोडकी. ते मोकळेपणानं तसं सांगून बोलतात. त्यांच्या हिंदीची लाज कोणालाच वाटत नाही, त्यांना स्वतःलाही नाही. सपनाला लाज वाटते ती आईची. व्हिसाच्या खिडकीवरही तेच: इंग्रजीवाचून ही अमेरिकेत कसं भागवणार असं साहेबाला वाटतं, आणि हिंदीवाचून तो इथं भागवतोच आहे हे त्याला शेजारच्या भारतीय सहकाऱ्यानं दाखवून द्यावं लागतं. चूक दोन्हीकडे सारखीच. लाज मात्र एकाच दिशेनं वाहते, वरून खाली.

आपल्या घरात ती दिशा कोणती आहे? आपल्या मंडळाच्या कोणत्याही कार्यक्रमात पाहा. आठ-दहा वर्षांची मुलगी आजीशी बोलायला जाते आणि म्हणते, ‘मी काल आला.’ किंवा दारातल्या पाहुण्यांना सांगते, ‘आपण जेवणार आहोत,’ कारण ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या दोन्हींना इंग्रजीत एकच शब्द आहे आणि आपण पाहुण्यांनाही पंगतीत बसवलं हे तिला माहीतच नसतं. सगळे कौतुकानंच हसतात. पुन्हा म्हणायला लावतात. फोनवर पुण्याच्या मावशीला ऐकवतात. आपल्या मते ते कौतुक असतं, तिच्या कानात ते ‘झाझ’ असतं. बारा-तेराव्या वर्षी ती मराठीत बोलणं थांबवते, आपण मराठीत विचारतो आणि ती इंग्रजीत उत्तर देते. मग आपण म्हणतो, मुलांना मराठीची आवडच नाही.

तिला मराठी येत नाही असं नसतं. तिच्या कानात सगळं मराठी आहे, जसं शशीच्या कानात सगळं इंग्रजी होतं. आपल्या घरातली शशी गोडबोले ती आहे, आणि सपना आणि सतीशच्या जागी आपण आहोत. मराठी शाळा, सीडी, चित्रपट, सुट्टीतल्या पुण्याच्या फेऱ्या ही सगळी कानाची सोय झाली. तोंडाची सोय म्हणजे चुकीच्या मराठीला सरळ मराठीत उत्तर देणारं, मधे न थांबणारं, न हसणारं माणूस. पुष्कळ घरांत ते काम आजी-आजोबा करतात, आणि गंमत अशी की ज्या आजीचं इंग्रजी मोडकं असतं तिच्याकडेच नातवंडांचं मराठी सर्वात लवकर सुटतं. दोघं बरोबरीचे असतात. लॉराँ आणि शशीसारखे.

शेवटाबद्दल दोन शब्द. परीक्षेच्या दिवशी लाडू सांडतात आणि शशी परीक्षा सोडून पुन्हा लाडू वळायला बसते. काहींना ते मागासलेपण वाटलं. मला ते पटतं, कारण लाडू हीच तिची सर्वात अस्खलित भाषा आहे आणि ती अर्धवट सोडून दुसरीत पास होण्यात अर्थ नव्हता. समारंभात नवरा तिच्या वतीनं माफी मागायला उठतो आणि ती शांतपणे स्वतः बोलते. वाक्यं छोटी, व्याकरण कुठेकुठे लंगडं. शिक्षक तिथंच तिला विशेष प्राविण्यानं उत्तीर्ण करतात. हे जरा जास्त गोड झालं आहे, लाडवाच्या पाकासारखं. पण त्यानंतरचा विमानातला प्रसंग तो गोडवा सावरून घेतो: शशी हवाईसुंदरीला इंग्रजीत विचारते, हिंदी वर्तमानपत्र आहे का? इंग्रजी आलं म्हणून तिची भाषा बदलली नाही.

तेवढं एक वाटतं. तिनं मराठी वर्तमानपत्र मागितलं असतं तर चित्रपट पुरा झाला असता. ते तिला मिळालं नसतं हे उघड आहे. पण मागायला काय हरकत होती? हा चित्रपट पुढच्या वेळी घरात लावाल तेव्हा मुलांना हाच प्रश्न विचारा, मराठीत. आणि ती जे काही उत्तर देतील, ज्या काही मराठीत देतील, ते शेवटपर्यंत ऐकून घ्या.